बाईयाचे उरलेले दहा टक्के

३ डिसेंबर २०२२. कतारमध्ये विश्वचषकाची बाद फेरी सुरू झाली होती आणि अख्खा ब्राझील टीव्हीपुढे बसला होता. त्याच दिवशी देशाच्या ईशान्येकडच्या साल्वादोर शहरातल्या ‘एस्पोर्ते क्लूबे बाईया’च्या सभासदांनी एका प्रश्नावर मतदान केलं. आपल्या क्लबच्या फुटबॉल कंपनीचे ९० टक्के समभाग सिटी फुटबॉल ग्रुपला विकायचे का? हा ग्रुप म्हणजे मँचेस्टर सिटीचे मालक, पैसा मुख्यतः अबू धाबीचा. ९८ टक्क्यांहून जास्त मतं ‘हो’ची पडली.

ही बातमी वाचली तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं होतं. नऊच वर्षांपूर्वी याच लोकांनी आपला क्लब एका घराण्याच्या मुठीतून सोडवून आणला होता. इतक्या कष्टाने मिळवलेली गोष्ट हे लोक इतक्या सहज विकतात कसे, असा माझा पहिला प्रश्न होता. आज माझं मत तेवढं सरळ राहिलेलं नाही. त्या व्यवहारात सगळ्यांनी नव्वदचा आकडा पाहिला, मीही पाहिला. खरी गोष्ट उरलेल्या दहात होती. ते दहा टक्के कशासाठी ठेवले आणि ते ठेवायची अक्कल त्या लोकांना कुठून आली, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

बाईया हे राज्याचं नाव आणि साल्वादोर ही त्याची राजधानी. १५४९ पासून १७६३ पर्यंत ती पोर्तुगीज ब्राझीलचीही राजधानी होती. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन माणसांचे वंशज आज या शहरात बहुसंख्य आहेत, आणि त्यांचं संगीत, स्वयंपाक, देव यांशिवाय या शहराची ओळख सांगताच येत नाही. पैसा आणि सत्ता मात्र केव्हाच दक्षिणेकडे सरकली, रिओ आणि साओ पावलोकडे. फुटबॉलही त्यांच्या मागोमाग गेला.

१ जानेवारी १९३१ रोजी क्लब स्थापन झाला. शहरातल्या दोन प्रतिष्ठित क्लबांनी आपले फुटबॉल विभाग बंद केले होते. त्यांच्या खेळाडूंना खेळायला जागा हवी होती, म्हणून त्यांनी एकत्र येऊन स्वतःचाच क्लब काढला आणि राज्याच्या झेंड्यातले निळा, लाल, पांढरा हे रंग घेतले. त्याच वर्षी राज्याचं विजेतेपद पटकावलं. म्हणजे वरच्या लोकांनी दार बंद केलं म्हणून खेळणाऱ्यांनी स्वतः उभा केलेला हा क्लब आहे. पुढच्या नव्वद वर्षांत ही आठवण त्यांना वारंवार काढावी लागली.

१९५९ साली ब्राझीलमध्ये पहिल्यांदा राष्ट्रीय पातळीवरची क्लब स्पर्धा झाली, तासा ब्राझील. अंतिम फेरीत समोर सांतोस. पेलेचा सांतोस! बाईयाने सांतोसच्या घरच्या मैदानावर ३-२ असा सामना मारला. साल्वादोरमध्ये मात्र सांतोस २-० ने जिंकला, म्हणून तिसरा सामना ठरला तो १९६० च्या मार्चमध्ये, रिओच्या माराकाना मैदानावर. त्यात पेले खेळला नाही आणि बाईया ३-१ ने जिंकला. त्या सामन्याला बाईयाचा प्रशिक्षक होता कार्लोस व्होलांते नावाचा अर्जेंटिनी माणूस. बचावफळीच्या पुढे उभ्या राहणाऱ्या मिडफिल्डरला ब्राझीलमध्ये आजही ‘व्होलांते’ म्हणतात, तो शब्द याच्याच आडनावावरून आला. दक्षिण अमेरिकेची लिबेर्तादोरेस स्पर्धा १९६० मध्ये सुरू झाली, तेव्हा ब्राझीलचा पहिला प्रतिनिधी बाईया होता. या विजेतेपदाला राष्ट्रीय अजिंक्यपद म्हणून अधिकृत मान्यता द्यायला ब्राझीलच्या महासंघाने २०१० साल उजाडू दिलं. विजेता रिओचा किंवा साओ पावलोचा एखादा बलाढ्य क्लब असता, तर या पहिल्या विजेतेपदाचा असा विसर पडला असता असं मला वाटत नाही.

दुसरं राष्ट्रीय विजेतेपद १९८८ च्या हंगामाचं. उपांत्य फेरीत फ्लुमिनेन्सेविरुद्ध फोंते नोव्हा स्टेडियममध्ये १,१०,४३८ माणसं होती, आणि हा त्या मैदानाचा विक्रम आहे. अंतिम फेरीत इंतेरनासियोनालविरुद्ध घरी २-१, दोन्ही गोल बोबोचे, आणि परतीच्या सामन्यात पोर्तो आलेग्रेला जाऊन ०-०. त्यानंतर आजतागायत ईशान्य ब्राझीलच्या एकाही क्लबला देशाचं अजिंक्यपद मिळालेलं नाही.

नंतर घसरण सुरू झाली. १९९७ मध्ये दुसऱ्या श्रेणीत. १९९८ मध्ये एका खासगी बँकेबरोबर भागीदारीची कंपनी काढून पाहिली, म्हणजे ‘गुंतवणूकदार आणा, क्लब वाचवा’ हा प्रयोग साल्वादोरला काही नवा नव्हता. वर येणं, पुन्हा खाली जाणं चालू राहिलं आणि २००५ साली, दोनदा देश जिंकलेला हा क्लब तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडला.

२५ नोव्हेंबर २००७ चा दिवस इथे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तिसऱ्या श्रेणीचा सामना, समोर व्हिला नोव्हा. बरोबरी झाली तरी बाईया दुसऱ्या श्रेणीत परतणार होता. तिसऱ्या श्रेणीच्या सामन्याला साठ हजार माणसं आली होती! गोलफलक ०-० वर, सामना संपत आलेला, लोक उड्या मारायला लागलेले. आणि वरच्या गॅलरीतला काँक्रीटचा एक तुकडा लोकांच्या पायाखालून निघून गेला. सात माणसं खाली कोसळून मेली. खाली मैदानात मात्र आनंदाला भरती आली होती, कारण बहुतेकांना वर काय झालंय याचा पत्ताच नव्हता. स्टेडियम राज्य सरकारचं होतं. त्याची अवस्था देशात सगळ्यात वाईट असल्याचं अभियंत्यांच्या संघटनेने थोड्याच दिवसांपूर्वी सांगितलेलं होतं.

त्या सात जणांना कोणत्याही निर्णयात काडीचा वाटा नव्हता. स्टेडियम कुणी सांभाळायचं, वरची गॅलरी उघडायची की नाही, क्लब कुणी चालवायचा, यातलं काहीही त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. त्यांच्या वाट्याला फक्त तिकिटाचे पैसे देणं आणि मरण आलं. क्लब कोणाचा हा वाद माझ्यासाठी तिथून सुरू होतो.

तेव्हा क्लब कागदोपत्री सभासदांचा होता. ‘सभासदांची संस्था’ म्हणजे काय आणि ती हळूहळू एका घरात कशी मुरते, हे साखर कारखान्यांच्या निवडणुका पाहिलेल्या मराठी माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. बाईयात अध्यक्ष निवडत होतं सल्लागार मंडळ, आणि ते मंडळ अध्यक्षाच्या मर्जीतलं. सामान्य सभासदाला थेट मत नव्हतं. एक अध्यक्ष झाले, पुढे त्यांचाच मुलगा अध्यक्ष झाला. मुलगा संसदेतही होता. २०११ च्या निवडणुकीवर आक्षेप घेऊन प्रकरण कोर्टात गेलं आणि तिथे रेंगाळत राहिलं.

२०१३ मध्ये लोकांचा संयम सुटला. जुनं फोंते नोव्हा पाडून विश्वचषकासाठी नवं बांधलं होतं. एप्रिलमध्ये त्याचा पहिला सामना झाला, आणि तोही व्हितोरियाशी, शहरातल्या सख्ख्या वैऱ्याशी. बाईया १-५ हरला. महिनाभराने राज्य स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याच व्हितोरियाकडून ३-७. लोकांनी ठरवलं, मैदानात जायचंच नाही. मोहिमेचं नाव होतं ‘पुब्लिको झेरो’, म्हणजे ‘प्रेक्षक शून्य’. आपल्या क्लबवर जीव असलेल्या माणसाला सामन्याच्या दिवशी घरात बसायला सांगणं किती अवघड आहे, हे ज्यांनी एखाद्या संघासाठी रविवार घालवलेत त्यांनाच समजेल. जुलैमध्ये न्यायालयाने अध्यक्षांना हटवलं आणि क्लबवर प्रशासक नेमला. ऑगस्टमध्ये सभासदांच्या सभेने नवी घटना मंजूर केली. ७ सप्टेंबरला, ब्राझीलच्या स्वातंत्र्यदिनी, क्लबच्या अध्यक्षाची पहिली थेट निवडणूक झाली.

यानंतरच्या आठ-नऊ वर्षांबद्दल मला विशेष आदर आहे. ट्रॉफी थोड्या आल्या, पण क्लब बोलायला लागला. त्याने स्वतःची एक समिती नेमली आणि वर्णद्वेष, स्त्रियांवरचे अत्याचार, आदिवासींच्या जमिनी हे विषय हाती घेतले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये जर्सीवर कृष्णवर्णीय इतिहासातल्या व्यक्तींची नावं आली. २०१९ मध्ये ईशान्येच्या किनाऱ्यावर कच्च्या तेलाचे गोळे येऊन पडू लागले. कोळ्यांचं पोट बुडालं, लोक हाताने वाळू खरवडून किनारे साफ करत होते. ऑक्टोबरात सेआराविरुद्धच्या सामन्याला बाईयाचे खेळाडू उतरले तेव्हा त्यांच्या जर्सीवर तेलाचे काळे ओघळ छापलेले होते. पांढऱ्या कापडावर छातीपासून खाली पसरलेले डाग, जणू आत्ताच किनाऱ्यावरून उठून आलेत. त्याच महिन्यात फ्लुमिनेन्सेविरुद्धच्या सामन्यात दोन्ही संघांचे प्रशिक्षक कृष्णवर्णीय होते. ब्राझीलच्या वरच्या श्रेणीत हे इतकं दुर्मिळ की तीच बातमी झाली. सामन्यानंतर बाईयाचे प्रशिक्षक रोजेर माशादो पत्रकार परिषदेत देशातल्या खोलवर रुजलेल्या वर्णभेदाबद्दल अत्यंत शांतपणे आणि स्पष्टपणे बोलले. अध्यक्षाला मतं मागायला लोकांपुढे जावं लागतं, तेव्हा क्लबला शहराची दुखणी दिसतात असा माझा अनुभवातून झालेला समज आहे, आणि बाईयाने तो पक्का केला.

पण प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं. २०२१ च्या हंगामात हाच लोकशाहीवादी क्लब पुन्हा दुसऱ्या श्रेणीत गेला. कर्ज डोक्यावर होतं. टीव्हीचा, जाहिरातींचा पैसा दक्षिणेकडेच वाहत होता. मतपेटीतून गोल निघत नाहीत. माझ्यासारखा माणूस लांब बसून सभासदांच्या क्लबचे गोडवे गातो, पण साल्वादोरच्या माणसाला पुन्हा पुन्हा खालच्या श्रेणीत जाऊन बसावं लागतं, हे विसरून चालणार नाही. २०२२ मध्ये ‘हो’ म्हणणाऱ्यांना लोभी ठरवणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. सौदा पंधरा वर्षांत एक अब्ज रेआलचा होता. निम्मे खेळाडूंसाठी, तीस कोटी कर्ज फेडायला, बाकीचे सोयीसुविधा आणि इतर कामांसाठी. पुन्हा वर आलेला क्लब २०२३ मध्ये शेवटच्या दिवशी आत्लेतिको मिनेरोला ४-१ ने हरवून कसाबसा वरच्या श्रेणीत टिकला. २०२४ मध्ये आठवा आला आणि २०२५ मध्ये, १९८९ नंतर पहिल्यांदा, छत्तीस वर्षांनी, लिबेर्तादोरेसमध्ये खेळला. बोबोचे गोल वडिलांकडून ऐकत मोठी झालेली एक पिढी तिथे आहे. तिला तो आनंद नाकारायचा मला काय अधिकार?

आता त्या दहा टक्क्यांकडे येऊ. ब्राझीलने ऑगस्ट २०२१ मध्ये एक कायदा केला, क्रमांक १४,१९३. त्याने क्लबांना फुटबॉल कंपनी स्थापन करून समभाग विकायची वाट मोकळी केली. पण कायदा करणाऱ्यांनी एक कुलूपही लावून ठेवलं. मूळ संस्थेला ‘अ’ वर्गाचे समभाग मिळतात. ते कितीही थोडे असोत, क्लबचं नाव, बोधचिन्ह, गीत, रंग बदलायचे किंवा क्लब दुसऱ्या शहरात हलवायचा तर संस्थेची संमती लागते. आणि हे समभाग किमान दहा टक्के असतील, तर क्लबने कंपनीला दिलेली स्थावर मालमत्ता विकणं, दुसऱ्या कंपनीत विलीन होणं, कंपनी गुंडाळणं यांनाही संस्थेचं ‘हो’ लागतं. नव्वद-दहा ही वाटणी आली ती इथून. नव्वद टक्क्यांत पैसा, संघ आणि रोजचा कारभार गेला. दहा टक्क्यांत ‘नाही’ म्हणायचा अधिकार राहिला.

हा अधिकार किती मोलाचा आहे ते पाहायला याच ग्रुपचे इतर क्लब पाहावेत. मेलबर्न हार्ट नावाचा क्लब लाल-पांढऱ्या जर्सीत खेळायचा. २०१४ मध्ये विकला गेला आणि मेलबर्न सिटी झाला, पुढे आकाशी निळाही. उरुग्वेतल्या मोंतेव्हिदेओचा तोर्के २०२० मध्ये ‘मोंतेव्हिदेओ सिटी तोर्के’ झाला. फ्रान्सच्या त्रुआची कथा मला सगळ्यात जास्त खुपते. त्याने २०२२ मध्ये साव्हिन्यो या ब्राझिलियन मुलाला विक्रमी किमतीला घेतलं. तो त्रुआकडून एकही सामना खेळला नाही, स्पेनमध्ये जिरोनाकडून चमकला आणि मँचेस्टरला पोचला. त्रुआ मात्र लागोपाठ दोन वर्षं घसरत फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीच्याही तळाशी गेला. त्रुआच्या माणसाकडे यात काहीच म्हणायची सोय नव्हती.

आणि मुंबई. २०१९ च्या नोव्हेंबरात याच ग्रुपने मुंबई सिटी एफसीचे ६५ टक्के समभाग घेतले. म्हणजे काही वर्षं साल्वादोरचा बाईया आणि आपला अंधेरीचा क्लब एकाच घरातले होते. मुंबईला त्या काळात काय मिळालं हे नाकारायचं कारण नाही. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) दोनदा साखळीत पहिला क्रमांक म्हणजे लीग शील्ड, दोनदा करंडक, आणि २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान. अंधेरीच्या स्टँडमध्ये ढोल वाजवत उभी राहणारी मुलं मी पाहिली आहेत. लोकलने विरार-कल्याणहून येऊन शेवटची गाडी पकडायला पळणारी. २०२३ मध्ये बोधचिन्ह बदललं, त्याला त्यांची संमती लागत नव्हती. मग आयएसएलचा व्यावसायिक करार संपला, नवा होईना, लीग होणार की नाही हेच कळेना. आणि २०२५ च्या डिसेंबरात सिटी ग्रुपने मुंबईतला सगळा हिस्सा सोडला. जे खेळाडू, प्रशिक्षक, पद्धत त्यांनी आणली होती त्याचं पुढे काय, याचं उत्तर ढोल वाजवणाऱ्या त्या मुलांना देणं लागतं असं कुणाला वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं. कायद्याने ती मुलं क्लबची कुणीच लागत नव्हती, फक्त गिऱ्हाईक होती.

सिटी ग्रुपला मी यात खलनायक ठरवत नाही. लीगचंच ठिकाण नसेल तर कुठलाही धंदेवाईक गुंतवणूकदार निघून जाईल. माझा मुद्दा वेगळा आहे. पैसा येतो आणि पैसा जातो, हे गृहीत धरूनच क्लबची घडी बसवायला हवी, आणि पैसा गेल्यावर मागे उभं राहायला कुणीतरी कायदेशीर अस्तित्व असलेलं हवं. रिओच्या वास्को द गामाने २०२२ मध्ये ७० टक्के हिस्सा ‘७७७ पार्टनर्स’ या अमेरिकी कंपनीला विकला. ती कंपनी पुढे गोत्यात आली. मे २०२४ मध्ये वास्कोची मूळ संस्था न्यायालयात गेली आणि फुटबॉलचा ताबा परत घेऊन आली. संस्था जिवंत होती, तिचा निवडून आलेला अध्यक्ष होता, म्हणून कोर्टात जायला कुणीतरी होतं. मुंबईत कोण जाणार होतं?

भारतात सध्या लीगचा नवा आराखडा काय असावा यावर खल चालू आहे. मालक, महासंघ, प्रसारक यांची बाजू मांडायला वकील आहेत. प्रेक्षकाची बाजू एकाही मसुद्यात मला दिसत नाही. लीगमध्ये खेळायचा परवाना देताना महासंघाने एक अट घालावी, एवढीच माझी मागणी आहे: प्रत्येक क्लबमागे नोंदणीकृत सभासदांची संस्था असली पाहिजे, तिच्याकडे थोडा का होईना न विकता येणारा हिस्सा असला पाहिजे, आणि नाव, रंग, चिन्ह, शहर व क्लब बंद करणं या पाच गोष्टींत तिची संमती लागली पाहिजे. यात गुंतवणूकदाराचा एक रुपयाही अडत नाही. ‘मग कुणी पैसा घालणार नाही’ असं म्हणणाऱ्यांनी बाईयाचा व्यवहार वाचावा. तोच ग्रुप, तीच माणसं, आणि तिथे त्यांनी या अटींवर सही केली.

उलट बाजूने एक शंका रास्त आहे. दहा टक्क्यांवाली संस्था मालकाच्या खिशात जाणार नाही कशावरून? जाऊ शकते. बाईयातच कागदावरचे सभासद कित्येक वर्षं बापलेकांच्या मर्जीवर होते. कायद्याने कुलूप दिलं तरी किल्ली सांभाळायची सवय लोकांनाच लावून घ्यावी लागते. साल्वादोरच्या लोकांना ती सवय २०१३ ने लावली. न्यायालय, बहिष्कार, सभा, नवी घटना यांतून ते गेले होते. म्हणून २०२२ मध्ये विकताना काय विकायचं नाही, हे त्यांना कळत होतं. बापलेकांच्याच काळात हा व्यवहार झाला असता, तर तो एका खोलीत झाला असता.

विक्री पूर्ण झाल्यावर सात महिन्यांनी, २०२३ च्या डिसेंबरात, बाईयाच्या सभासदांनी पुन्हा मतदान केलं, संस्थेचा अध्यक्ष निवडायला. संघ निवडणं, खेळाडू घेणं, प्रशिक्षक नेमणं यातलं काहीच आता या अध्यक्षाच्या हातात नाही, तरी लोक मत द्यायला आले. त्यांनी एमेर्सन फेरेती यांना निवडलं. हे बाईयाचे जुने गोलरक्षक, आणि आपण समलिंगी आहोत हे २०२२ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलेलं होतं. ब्राझीलच्या फुटबॉलमध्ये असं सांगून वावरणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. निळा, लाल, पांढरा यांतला एखादा रंग बदलावासा कुणाला वाटलाच, तर तो कागद आता आधी या गोलरक्षकाच्या संस्थेपुढे ठेवावा लागतो.